ईनॉन चॅपलचें तळघर

लंडनमध्यें स्ट्रँडजवळील एका गल्लींत इ. स. १८२३ सालीं ईनॉन चॅपल नांवाचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उघडलें. वर उपासना, खालीं तळघरांत दफन, आणि मध्यें केवळ लांकडी फळ्या! १५ शिलिंग हा दर इतर ठिकाणांच्या मानानें स्वस्त. त्यामुळें गोरगरीब तेथेंच वळले. २० वर्षांच्या आंत सुमारें १२,००० प्रेतें त्या तळघरांत गेलीं असें सांगतात. एवढीं मावलीं कशीं, असें वाचक विचारतील. शवपेट्या फोडून त्यांचें सरपण होई. माती व हाडें गाड्या भरून बाहेर जात. आप्तांनीं मात्र चिरविश्रांतीचे पैसे मोजलेले! पाद्रीबोवांस दोष द्यावा तितका थोडाच; परंतु शहरांतील दफनभूमि तुडुंब भरल्या असतां तेथेंच पुरण्याची मुभा चालूं देणारे अधिकारीहि आम्हांस निर्दोष वाटत नाहींत. मंदिर बंद पडल्यावर त्याच वास्तूंत, त्याच प्रेतांच्या माथ्यावर, नाचाचे जलसे झाले. अखेर जॉर्ज वॉकर या शस्त्रवैद्यानें पदरमोड करून ते अवशेष नॉरवुडच्या दफनभूमींत हलविले. तळघराची हकीकत त्यानेंच १८३९ च्या आपल्या ग्रंथांत छापली होती. लंडनपुरता दफनाचा कायदा पार्लमेंटनें केला तो १८५२ सालीं; ग्रंथ निघून तेरा वर्षें लोटलीं होतीं.