मागून येणारा : सायकल, रडार आणि कॅमेऱ्याचा इतिहास

१/ रस्त्यावरील सायकलस्वाराला समोरचे सारे दिसते. पाठीमागून येणारे वाहन तेवढे दिसत नाही. त्याचा अंदाज तो अनेक पिढ्या कानांनीच घेत आला. आज सीटखाली बसवलेली, मुठीत मावेल एवढी एक डबी ते वाहन १४० मीटरांवर असतानाच ओळखते आणि हँडलवर इशारा देते. काही डब्यांत कॅमेराही असतो. ही डबी कशी घडली, त्याचा हा इतिहास. त्याच्याशी एक जुना वादही जोडलेला आहे : जपायचे कोणी, मागून येणाऱ्याने की पुढे चालणाऱ्याने?

२/ प्रारंभी धोका होता तो खुद्द सायकलीचाच. १८७० च्या दशकातील सायकलीचे पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले असे. वाटेत एखादा दगड आला तरी स्वार उंचावरून तोंडावर आपटे. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास समान चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ आणली. अशा सायकलींना नावच पडले ‘सेफ्टी’. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि आजची सायकल जवळजवळ पूर्ण झाली.

३/ त्याच वर्षी, १८८८ मध्ये, ब्रिटनच्या स्थानिक शासन कायद्याने सायकलीला ‘वाहना’चा दर्जा दिला आणि त्यासोबत कर्तव्येही लादली. अंधारात पुढे दिवा असावा आणि कोणाही पादचाऱ्याला वा गाडीला मागे टाकण्यापूर्वी घंटी वाजवून सूचना द्यावी. यामागचा न्याय सरळ होता. रस्त्यावर सर्वांत वेगवान सायकलस्वारच होता, म्हणून सावध करण्याचा भारही त्याच्यावर. जो ओलांडतो त्याने जपावे.

४/ लवकरच रस्त्यावरचा सर्वांत वेगवान प्रवासी बदलला. ब्रिटनमध्ये यांत्रिक गाडीपुढे माणूस चालवण्याचे बंधन एके काळी होते. १८९६ च्या कायद्याने मोटारींना त्यातून मुक्त केले. १९३० च्या कायद्याने तर साध्या मोटारींवरील वेगमर्यादाच उठवली. सायकलस्वार आता ओलांडणारा उरला नाही, ओलांडला जाणारा झाला. मग १८८८ चा न्याय त्याच्या बाजूने लागू व्हायला हवा होता. घडले मात्र उलटे.

५/ वादाचे कारण ठरला मागचा तांबडा दिवा. मोटारचालकांच्या संघटनांची मागणी होती की सायकलींना मागे दिवा सक्तीचा करावा. १९२७ च्या कायद्याने तडजोड झाली : दिवा किंवा तांबडा रिफ्लेक्टर, दोहोंपैकी एक पुरे. १८७८ पासून कार्यरत असलेल्या ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ने दिव्याच्या सक्तीला कडाडून विरोध केला. सुरक्षेसाठी झटणाऱ्या संस्थेनेच दिव्याला नकार द्यावा, हे आज चमत्कारिक वाटते.

६/ तथापि त्यांचा युक्तिवाद विचार करायला लावणारा होता. मोटारीचे दिवे जेवढा रस्ता उजळतात, तेवढ्या अंतरात थांबता येईल अशाच वेगाने चालकाने गाडी हाकली पाहिजे. मागचा दिवा सक्तीचा झाला की चालक रस्ता पाहणे सोडून दिवे शोधू लागेल. वाऱ्याने दिवा विझला, तार तुटली, की अपघाताचा दोष मेलेल्याच्या माथी येईल. शिवाय पादचाऱ्याच्या पाठीला दिवा कोण लावणार?

७/ १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षी वस्त्यांमध्ये ताशी ३० मैलांची मर्यादा आली. मागच्या दिव्याचा वाद मात्र युद्धाने संपवला. १९३९ मध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने देशभर काळोख पाळला जाऊ लागला, मोटारींचे दिवेही झाकले गेले आणि सायकलीला मागचा दिवा सक्तीचा झाला. १९४५ मध्ये स्वतंत्र कायदा करून ती सक्ती कायम करण्यात आली. स्वतःला दृश्यमान ठेवणे हे सायकलस्वाराचे कायदेशीर कर्तव्य ठरले.

८/ ‘दिसणे’ सक्तीचे झाले, तरी ‘पाहणे’ बाकी होते. मागचे वाहन स्वाराला कळावे कसे? छोटा आरसा हा एक उपाय, पण तो थरथरतो आणि डोळे पुढच्या रस्त्यावरून हटवतो. खरा उपाय ज्या शास्त्रातून आला, त्याचा उगम सायकलीहूनही जुना आहे. १८४२ मध्ये प्राग येथे क्रिस्टियन डॉपलर यांनी मांडले की लहरींचा उगम आणि निरीक्षक परस्परांजवळ येत असतील तर लहरींची वारंवारता वाढलेली जाणवते.

९/ १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी याची गमतीदार परीक्षा घेतली. उट्रेख्तजवळच्या लोहमार्गावर आगगाडीत वादक बसवले, कडेला जाणकार कानांचे संगीतज्ञ उभे केले. जवळ येणाऱ्या गाडीतील सूर चढा ऐकू आला, दूर जाणाऱ्या गाडीतील उतरता. मागून येणाऱ्या मोटारीच्या आवाजावरून सायकलस्वार जे ताडतो, त्यालाच येथे मोजमापाचे रूप मिळाले.

१०/ पुढचा दुवा भारतातला आहे. हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८० च्या दशकात विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करून त्या धातूवरून परावर्तित होतात हे दाखवले. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी या लहरी अत्यंत आखूड केल्या. त्यांच्या प्रयोगांत तरंगलांबी सुमारे २५ मिलिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंत उतरली. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तारेविना दूरची घंटा वाजवून दाखवली आणि १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे काम मांडले.

११/ आजच्या अनेक सायकल-रडारांची वारंवारता २४ गिगाहर्ट्‌झ असते, म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेबारा मिलिमीटर. ती बोसांच्या प्रयोगांच्या पट्ट्यातच येते. लहर आखूड असली की अँटेनाही लहान पुरतो, आणि म्हणूनच रडार सीटखाली मावते. बोसांनी रडार शोधले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. मात्र मिलिमीटर लहरींच्या ज्या प्रदेशात ही डबी काम करते, तेथील आरंभीच्या वाटसरूंपैकी ते एक होते, हे निःसंशय.

१२/ परावर्तित लहरीने टक्कर टाळण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती जर्मनीच्या क्रिस्टियन ह्युल्समायर यांनी. मे १९०४ मध्ये कोलोन येथे ऱ्हाईन नदीच्या पुलावर त्यांनी ‘टेलिमोबिलोस्कोप’ दाखवला. नदीतून जहाज जवळ आले की परावर्तित लहरीने घंटा वाजे. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. धुक्यात जहाजांची टक्कर टाळावी हा हेतू; पण ना नौदलाने रस घेतला, ना जहाज कंपन्यांनी. रडारच्या या पूर्वजाचा जन्म युद्धासाठी झाला नव्हता, ही बाब सहसा विसरली जाते.

१३/ युद्धाच्या सावटाने मात्र त्याच कल्पनेला राजाश्रय मिळाला. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडमधील डॅव्हेन्ट्रीजवळ, बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरींवरून, आकाशातील बॉम्बफेकी विमान टिपून दाखवले. युद्ध संपल्यावर हे तंत्र रस्त्यावर उतरले. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी मोटारींचा वेग रडारने मोजण्यास आरंभ केला.

१४/ रडार आणि कॅमेरा यांची सांगड घालण्याच्या कामी एका शर्यतपटूचे नाव अग्रभागी येते. डच चालक मॉरिस गॅट्सोनिडेस यांनी १९५३ मध्ये मोंटे कार्लो रॅली जिंकली. वळणावरचा आपला वेग अचूक मोजून आणखी जोरात जाता यावे, म्हणून त्यांनी वेगमापक तयार केला. त्यातूनच पुढे रस्त्याकडेचे ‘गॅट्सो’ कॅमेरे आले, ज्यांनी असंख्य चालकांना वेग कमी करायला लावले. वेगाच्या हव्यासातून वेगावरचा पहारेकरी जन्मला.

१५/ १९९० च्या दशकाच्या अखेरीस रडार मोटारीच्या आतच बसले. मर्सिडीजच्या महागड्या गाड्यांत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी रडार-यंत्रणा आली. मोटार-उद्योगाच्या प्रचंड मागणीमुळे रडारच्या चिपा लहान आणि स्वस्त होत गेल्या. ज्या मोटारीपासून सायकलस्वाराला जपायचे होते, तिच्याच बाजारपेठेने त्याचे साधन परवडण्याजोगे केले.

१६/ दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथील ‘आयकुबू’ या छोट्या कंपनीने २०१४ मध्ये ‘बॅकट्रॅकर’ नावाचे सायकल-रडार लोकवर्गणीसाठी मांडले. जानेवारी २०१५ मध्ये ‘गार्मिन’ने ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘व्हेरिया’ रडार बाजारात आणले. यात मागचा दिवा आणि रडार एकत्र होते. वाहन जवळ येऊ लागले की दिव्याची चमक बदले आणि स्वाराला पडद्यावर ठिपका सरकताना दिसे.

१७/ त्याचे गणित साधे आहे. मागची मोटार सायकलीपेक्षा ताशी ६० किलोमीटर अधिक वेगाने येत असेल, तर १४० मीटर कापायला तिला सुमारे साडेआठ सेकंद लागतात. तेवढा अवधी कडेला सरकायला वा खड्डा चुकवण्याचा बेत बदलायला पुरतो. डॉपलरच्या नियमाने या वेगाला २४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीत सुमारे २,६७० हर्ट्‌झचा फरक पडतो. तो फरकच मोटारीचा वेग सांगतो.

१८/ त्याच्या मर्यादाही याच नियमातून येतात. मागचे वाहन सायकलीच्याच वेगाने येत राहिले तर वेगातील फरक शून्य होतो आणि रडार त्याला विसरू शकते. गजबजलेल्या शहरी रस्त्यावर इशारा सतत वाजत राहतो, आणि सतत वाजणारा इशारा कानाआड होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोटार येते आहे हे रडार सांगते. ती किती अंतर सोडून जाणार हे सांगत नाही. अपघाताचा निर्णय बहुधा त्या हातभर अंतरातच होतो.

१९/ ते अंतर मोजण्याचा एक गाजलेला प्रयोग २००६ मध्ये ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी केला. सायकलीला श्रवणातीत ध्वनीने अंतर मोजणारे यंत्र लावून त्यांनी दोन हजारांहून अधिक मोटारींची नोंद केली. हेल्मेट घातले असता चालक सरासरी ८.५ सेंटिमीटर अधिक जवळून गेले. लांब केसांचा टोप घातल्यावर सुमारे १४ सेंटिमीटर अधिक दूर राहिले. प्रयोगादरम्यान त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडकही दिली. निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण चालकाच्या वर्तनाचे माप घेता येते, हे सिद्ध झाले.

२०/ मोजमापाला पुराव्याची जोड दिली कॅमेऱ्याने. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून ‘फ्लाय ६’ हा कॅमेरा असलेला मागचा दिवा आला. २०२२ मध्ये गार्मिनने दिवा, रडार आणि कॅमेरा एकाच डबीत आणले. तोवर जवळून घासून गेलेल्या मोटारीची तक्रार म्हणजे एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द. आता गाडीचा क्रमांक, वेळ आणि अंतर यांचा साक्षीदार सीटखाली बसला.

२१/ साक्षीला कायद्याचा आधार हवा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने १९७३ मध्येच सायकलीला मागे टाकताना किमान तीन फूट अंतर राखण्याचा नियम केला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये वेस्ट मिडलंड्‌स पोलिसांनी बर्मिंगहॅम परिसरात साध्या वेशातील पोलिसांनाच कॅमेऱ्यासह सायकलीवर बसवले. जवळून जाणाऱ्या चालकांना थांबवून, जमिनीवर अंथरलेल्या चटईवर योग्य अंतर दाखवले जाई. त्याच वर्षी उत्तर वेल्सच्या पोलिसांनी नागरिकांची चित्रफीत पुरावा म्हणून स्वीकारण्याची व्यवस्था सुरू केली. २०२२ मध्ये ब्रिटनच्या महामार्ग-संहितेत दीड मीटरचे अंतर स्पष्ट शब्दांत आले.

२२/ या साऱ्याला समांतर एक वेगळी वाटही आहे. १९७१ मध्ये नेदरलँड्‌समध्ये सुमारे ३,३०० लोक रस्त्यावर मेले. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाचे आंदोलन उभे राहिले. पुढील दशकांत त्या देशाने सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधले, वस्त्यांतील मोटारींचा वेग उतरवला आणि अपघातात भरपाईचा भार मुख्यतः मोटारचालकावर ठेवला. तेथील शाळकरी मुलाच्या सीटखाली रडार नसते. त्याला त्याची गरज पडू नये अशी रस्त्याचीच रचना असते.

२३/ सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातही एके काळी रात्री दिव्याविना जाणाऱ्या सायकलस्वाराला पोलीस अडवत. नियम रास्तच होता. पण जगभरच्या या इतिहासात एक कल सातत्याने दिसतो : घंटी, दिवा, रिफ्लेक्टर, हेल्मेट, रडार, कॅमेरा, प्रत्येक नवे साधन आले ते सायकलस्वाराच्याच खर्चाने आणि त्याच्याच अंगावर. त्यांतील बहुतेक साधनांनी जीव वाचवले असतील. त्यांना नाकारण्याचे कारण नाही.

२४/ तरीही जुन्या टूरिंग क्लबची शंका आजही जिवंत आहे. उद्या अपघातानंतर ‘रडार का लावले नव्हते?’ असा प्रश्न जखमी स्वाराला विचारला जाणार असेल, तर १९४५ चीच पुनरावृत्ती होईल. रडार स्वाराला साडेआठ सेकंद आधी सांगते आणि कॅमेरा जगाला नंतर सांगतो. त्या दोहोंच्या मधल्या क्षणी स्टिअरिंग मात्र मागून येणाऱ्याच्याच हाती असते. १८८८ च्या कायद्याने घंटी ज्याच्या हाती दिली होती, तोही ओलांडणाराच होता.