गोझोच्या वाटेवर भेटलेल्या बायका



मे महिन्यात आम्ही तिघीजणी माल्टाला जाऊन आलो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. आल्यापासून जी ती एकच विचारते, तिकडं पाहिलं काय? समुद्र पाहिला, निळाशार. पण आज बोलायचंय ते माल्टाच्या धाकट्या बहिणीबद्दल, गोझो बेटाबद्दल. तिथली माणसं त्याला 'आउदेश' म्हणतात. बेट जेमतेम १४ किलोमीटर लांब. माल्टाच्या चिरकेव्वा धक्क्यावरून फेरीबोट निघते, पंचवीसेक मिनिटांत पोचवते. गंमत अशी, की जाताना तिकीट घ्यावं लागत नाही, परतताना घ्यायचं. गेलेला माणूस परत येणारच, असा हिशोब असावा.

भाषेनंही मजा आणली. माल्टी भाषा मुळात अरबीतून आलेली, लिहितात मात्र रोमन लिपीत. जगाला ते 'दिन्या' म्हणतात आणि पुस्तकाला 'क्तिएब'. म्हणजे आपली दुनिया आणि किताबच की! परक्या बसमध्ये असा एखादा शब्द कानावर पडला, की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

पहिल्या दिवशी शारा गावातली जगन्तिया देवळं पाहिली. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. काही दगड पन्नास टनांहून जड आहेत. चाक नाही, लोखंड नाही, मग हे उचललं कुणी? तिथं गोल गोल दगडी गोळे सापडलेत. त्यांच्यावरून शिळा ढकलत नेल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. गावाचं उत्तर मात्र वेगळं. लोककथा सांगते, की सान्सुना नावाच्या एका अगडबंब बाईनं हे बांधलं. पावट्यासारखे दाणे आणि मध खाऊन ती राहायची, खांद्यावर तान्हं पोर घ्यायची आणि डोक्यावरून शिळा वाहायची. हे ऐकून आम्ही तिघी एकमेकींकडं बघून हसलो. राक्षसीण कशाला हवी, आपल्याकडं कुठल्याही बांधकामावर अशी बाई दिसते.

दुसऱ्या दिवशी किल्ला. राजधानीच्या गावाचं जुनं नाव रबात. १८८७ मध्ये इंग्रजांच्या राणीच्या राज्यारोहणाची पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्याला व्हिक्टोरिया नाव दिलं. गावाच्या डोक्यावर चित्तादेल्ला किल्ला. तटावरून सगळं बेट दिसतं, फोटो झकास येतात. आम्हीही काढले. मग एका गल्लीची पाटी वाचली आणि तिथंच थबकलो.

१५५१ सालच्या जुलैमधली गोष्ट. सिनान पाशा आणि दर्यावर्दी तुर्गुत यांचं तुर्की आरमार आधी माल्टावर गेलं, तिथं डाळ शिजली नाही, म्हणून गोझोवर वळलं. सगळं बेट या एवढ्याशा किल्ल्यात शिरलेलं. तोफांपुढं तट फार टिकला नाही. पाच-सहा हजार माणसं, म्हणजे जवळजवळ अख्खं बेट, गुलाम म्हणून जहाजांत भरून त्रिपोलीकडं नेलं. त्यांतली फार थोडी परत आली. बेट पुन्हा वसायला कित्येक वर्षं लागली. १६३७ पर्यंत तर नियमच होता, की दिवसा शेतात काम करा, पण रात्री निजायला किल्ल्याच्या आत या. त्या बायकांचं रोजचं चित्र डोळ्यांपुढं आणा. तिन्हीसांजेला पोरं गोळा करायची, भांडीकुंडी आवरायची आणि चढण चढायची.

ती पाटी बेर्नार्दोच्या नावाची होती. हा सिसिलीहून आलेला शिपाई. परंपरा सांगते, की किल्ला पडतोय असं दिसल्यावर त्यानं आपल्या बायकोला आणि दोन मुलींना स्वतःच्या हातानं मारलं, गुलामगिरीत जाऊ नयेत म्हणून, आणि मग लढता लढता तोही पडला. सांगणारे हे शौर्य म्हणून सांगतात. असेलही. पण गल्लीला नाव त्याचं. त्या तिघींची नावं आम्ही विचारली, ती कुणाला सांगता आली नाहीत. त्यांना कुणी विचारलं होतं का, हा आमचा दुसरा प्रश्न. तो आम्ही तिथं विचारलाच नाही, आपसांत मात्र रात्रभर बोललो.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अर्धीच कथा होईल. माणसं धरून विकण्याचा धंदा एकट्या तुर्कांचा नव्हता. माल्टावर राज्य करणारे संत जॉनचे सरदारही मुसलमानांची जहाजं लुटून माणसं पकडत, आणि माल्टात गुलामांचा मोठा बाजार भरे. १७९८ मध्ये नेपोलियननं बेट घेतलं, तेव्हा ही गुलामगिरी बंद झाली. समुद्राच्या दोन्ही काठांवर आया रडलेल्या आहेत.

बाकी पाहायचं पुष्कळ. समुद्रातली ती प्रसिद्ध दगडी कमान आता नाही, ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. महिला दिनालाच! श्वेयनीची मिठागरं जरूर पाहा. खडकात कोरलेले चौकोन, उन्हाळ्यात तिथली कुटुंबं अजून मीठ काढतात.

आणि लेस. गोझोत तिला 'बित्सिल्ला' म्हणतात. पेंढा ठासून भरलेली लांब उशी भिंतीला टेकवायची, तिच्यावर नक्षीचा कागद, कागदावर टाचण्या आणि बोटाएवढ्या लाकडी बॉबिनींवर गुंडाळलेला धागा. बॉबिनी एकमेकींवरून टाकत जायच्या. टकटक टकटक आवाज येतो, पावसाची सर पत्र्यावर आल्यासारखा. माल्टात ही कला जुनीच, पण मधे मागं पडली होती. १८३३ मध्ये लेडी हॅमिल्टन चिचेस्टर यांनी इटलीतल्या जिनोआहून विणकर बायका आणवल्या, तिथून ती पुन्हा उठली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात माल्टाची लेस मांडली गेली आणि युरोपात मागणी वाढली. गोझोत गरिबी होती, शेती खडकाळ. त्यामुळं घरोघर बायका-मुली उंबऱ्याशी उशी घेऊन बसू लागल्या. घरातला रोख पैसा कितीतरी ठिकाणी या बॉबिनींतून आला, पण त्याला म्हणायचं काय, तर फावल्या वेळचं काम!

एका गल्लीत एक आजी विणत बसल्या होत्या. आमच्यातल्या एकीनं रुमालाची किंमत विचारली आणि सवयीनं म्हणाली, "एवढ्याशा तुकड्याचे एवढे?" आजी रागावल्या नाहीत. त्यांनी उशी तिच्याकडं वळवली आणि खुणेनं सांगितलं, कर. पाऊण तास ती झटत होती. अर्धं नख होईल एवढीसुद्धा लेस झाली नाही, आणि जी झाली ती आजींनी हसत हसत उसवली. रुमालाला किती दिवस लागले, विचारलं. त्यांनी तीन बोटं दाखवली. तीन दिवस? मान हलवली. तीन आठवडे.

आम्ही घासाघीस न करता पैसे दिले. तुम्ही गेलात तर एवढं करा. यंत्रावरची स्वस्त लेसही तिथं दुकानात मिळते, म्हणून विणणारीकडूनच घ्या आणि शेजारी थोडं बसा.

तो रुमाल आपल्या रेडिओ केंद्रात ठेवलाय, टेबलाच्या वरच्या खणात. पाहायला या. हात मात्र धुऊन या.