पदवी-पुनर्रचना आणि विषयनिवड (वाशीम जिल्हा)

पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा बदलल्याने विद्यार्थ्यांच्या मुख्य व पूरक विषयांच्या निवडीवर होणाऱ्या परिणामांचा विचार या नोंदीत वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा असून तेथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या (स्थापना १९८३) कार्यक्षेत्रात येतात. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचा समावेश आहे.

पूर्वरचना : बी.ए.ला अनिवार्य भाषांसोबत तीन ऐच्छिक विषय समान गुणभाराने घेतले जात. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी वाङ्मय, गृहअर्थशास्त्र असे विषय त्यात असत आणि त्यांपैकी कोणत्याही एका विषयात पुढे एम.ए. करता येत असल्याने विशेषीकरणाचा निर्णय पदवीनंतरच घ्यावा लागे. बी.एस्सी.ला ‘पीसीएम’ (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) किंवा ‘सीबीझेड’ (रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) अशा ठरीव गटांतून निवड होई.

नवी रचना : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने श्रेयांक-आराखडा ठरविला व १३ मार्च २०२४ रोजी त्यात सुधारणा केली. श्रेयांक म्हणजे अध्ययनाच्या तासांवर आधारित, साठविता येणारे मापन होय. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हा आराखडा लागू करण्याचे धोरण होते. २०२३ च्या निर्णयानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. त्यांपैकी किमान निम्मे मुख्य विषयाचे (मेजर), १८ ते २० पूरक विषयाचे (मायनर) आणि १० ते १२ खुल्या ऐच्छिकाचे असतात. खुले ऐच्छिक, म्हणजे बोलीतील ‘ओई’, मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घेणे बंधनकारक आहे. यांशिवाय कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांचे स्वतंत्र घटक आहेत. पहिल्या वर्षी तीन विषय ठेवून मुख्य विषय दुसऱ्या वर्षी निश्चित करण्याची सोय राज्यातील काही विद्यापीठांनी दिली.

निवडीवरील परिणाम : जो निर्णय पूर्वी पदवीनंतर होत असे तो आता अभ्यासक्रमाच्या प्रारंभी किंवा वर्षभरातच घ्यावा लागतो, हा या पुनर्रचनेचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम मानावा लागेल. आराखड्यात निवडीचे क्षेत्र विस्तारले असले, तरी प्रत्यक्षात महाविद्यालयाकडे मंजूर पदे व विद्याशाखा किती आहेत यावरच ते ठरते. केवळ कला शाखा चालविणाऱ्या महाविद्यालयाला विज्ञानाचे खुले ऐच्छिक देताना प्रयोगशाळा व अध्यापक या दोन्ही बाबतींत मर्यादा येतात, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालणारा विषय पुढील वर्षी मिळेलच असे नाही. ही उणीव केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांनी भरून काढता येते, असे धोरणाचे गृहीतक आहे. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील खेड्यांतून एसटीच्या पासवर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वेळापत्रक हेही विषयनिवडीचे एक कारण असते, याची दखल अधिकृत आराखडा घेत नाही. शिक्षकभरतीत पदवीचा विषय विचारात घेतला जात असल्याने शालेय विषयांकडील ओढा समजण्याजोगा आहे. स्पर्धा परीक्षांना उपयोगी म्हणून इतिहास व राज्यशास्त्र घेण्याची प्रथाही जुनी आहे. अध्यापकांच्या कार्यभारावरील परिणामांबाबत मतभेद आहेत.

निर्गमन : पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी चार श्रेयांकांचे जादा कौशल्यकार्य करावे लागते. ही तरतूद शिक्षण खंडित करणाऱ्यास दिलासा देते की गळतीला अधिकृत नाव देते, याविषयी एकवाक्यता नाही. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात.

अन्यत्र : दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये सुरू केलेला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०१४ मध्ये मागे घेतला आणि २०२२ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा आणला.

पदव्युत्तर स्तर : चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यास पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा, तर तीन वर्षांची पदवी घेतलेल्यास दोन वर्षांचा असतो.