वैरागडची खाण

हिऱ्याची खाण म्हटली की आपल्याकडे गोवळकोंडा आणि कोहिनूर यांचीच आठवण निघते. आपल्या महाराष्ट्रातही हिऱ्याची एक खाण होती आणि फारसी तवारिखांत तिची नोंद आहे, हे वर्गात सांगितले की मुले आमच्याकडे संशयाने बघतात. ते गाव म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चार शिक्षक सोलापूरहून निघालो, ते खरे तर नवेगाव राष्ट्रीय उद्यान पाहायला. आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली तेथे वनाधिकारी होते. त्यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ आम्ही वाचलेले होते. उद्यान पाहून झाल्यावर वडसा, आरमोरी करीत वैरागड गाठले.

खोब्रागडी आणि सतनाला या नद्यांच्या संगमाजवळ हे गाव आहे. गोंडांच्या काळातला किल्ला आहे, भोवती खंदक आहे. खाणीचे मात्र काही दिसत नाही. येथे हिरे जांभ्याच्या भरड मुरमात मिळत. खड्डा खणायचा, माती धुवायची, खडे निवडायचे, असे ते काम. असले खड्डे पावसाळ्यांनी बुजतात आणि वर रान माजते.

गावाचे जुने नाव वज्राकर, म्हणजेच हिऱ्यांची खाण. १०७० साली गादीवर आलेल्या कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ शिलालेखांत त्याने वयिरागरम येथे हत्ती पकडल्याचा उल्लेख आहे. ते हेच गाव, असे अभ्यासक मानतात. पुढे १४२५ च्या सुमारास अहमदशाह वली बहमनीने माहूरच्या मोहिमेत कल्लमजवळची हिऱ्याची खाण घेतली, असे फरिश्ता सांगतो. कल्लम म्हणजे यवतमाळचे कळंब. तेथे हिरे नाहीत, म्हणून ही खाण वैरागडचीच धरतात. फरिश्त्याने आपली तवारीख विजापुरात, इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याच्या दरबारी लिहिली, म्हणजे आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. बहमनींनी खाण घेतली हे वाचून आपल्यातील काहींची छाती फुगते. ती कोणाकडून घेतली, हेही त्याच ओळीत आहे: गोंड राजाकडून.

दीडएकशे वर्षांनी अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना चांद्याचा गोंड राजा बाबाजी याची नोंद करतो. हिऱ्याची खाण असलेले बैरागढ त्याच्या ताब्यात असून ते त्याने नुकतेच दुसऱ्या जमीनदाराकडून जिंकले आहे, तेथे नक्षीदार कापडही तयार होते, आसपास रानहत्ती पुष्कळ आहेत, असे तो लिहितो.

या नोंदीतले हिरे सगळे उचलतात, कापड कोणी उचलत नाही. सोलापूरच्या माणसाला मात्र येथे थांबावेच लागते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी माग होता. खाण कोणी जिंकली, कोणी गमावली, ते तवारिखांनी नावानिशी जपले. मुरूम धुणारे कोण, माग चालवणारे कोण, त्यांना मजुरी काय मिळे, याला एक ओळही मिळाली नाही. त्याच जिल्ह्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे काम २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. त्याच्या बातम्यांतही टनांचे आणि कोटींचे आकडे असतात. खणणाऱ्याचे नाव शोधावे लागते.

हत्तींचे म्हणाल तर ते परत आले आहेत. २०२१ मध्येच छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. वर्तमानपत्रांनी त्याला नवलाची गोष्ट म्हटले. अबुल फजलला त्यात नवल वाटले नसते.

परतताना आरमोरीत कोशाचे कापड पाहिले. या भागातले ढिवर ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात आणि त्यांच्या कोशांपासून सूत निघते. ‘आईन’मधले नक्षीदार कापड हेच, असे आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा आमच्याकडे नाही. आमच्यातील एकाने, ज्यांचे वालिद चादरीच्या कारखान्यात होते, कापड बोटांत धरून वीण पाहिली आणि विणकराला मजुरी विचारली. पुढचा अर्धा तास दोघे मजुरीवरच बोलत राहिले.