आरशामागचा पारा

इ.स. 1700 मध्ये इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याचा एक लॅटिन ग्रंथ छापून आला. कोणत्या कामामुळे माणसाला कोणता आजार जडतो, याची धंदेवार मांडणी त्यात होती. खाणकामगार, कुंभार, मुलामा चढवणारे, धोबिणी, मैला उपसणारे असे सगळे त्यात होते आणि आरसे बनवणारेही होते. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या या कारागिरांचे अंग लुळे पडते, त्यांना दमा लागतो आणि स्वतःच घडवलेल्या आरशात आपली ही दशा त्यांना नाइलाजाने पाहावी लागते, असे त्याने नोंदवून ठेवले. त्या काळी युरोपातल्या कितीतरी श्रीमंत दिवाणखान्यांत मुरानोचा आरसा मिरवत होता. तो घडवणाऱ्याच्या थरथरत्या हातांकडे पाहणारा माणूस मात्र विरळा.

चेहरा पाहण्यासाठी काच लागतेच असे नाही. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याचे आरसे सापडले आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात साजशृंगार करणारी राजकन्या हातातल्या गोल आरशात पाहते आहे. केरळातल्या आरन्मुळा गावी तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा आरसा आजही ओततात आणि दिवसचे दिवस घासून त्याला झळाळी आणतात. या आरशाला बोट टेकवले की बोट आणि त्याचे प्रतिबिंब थेट भिडतात, कारण प्रकाश वरच्या पृष्ठभागावरूनच परततो. घरातल्या काचेच्या आरशाला बोट लावून पाहावे. मध्ये फट दिसते. परतवणारा धातू काचेच्या मागे असतो, त्यामुळे काचेची जाडी मध्ये येते.

धातूचा आरसा काळवंडतो, त्याला सारखे घासावे लागते, आणि मोठा केला तर तो उचलवत नाही. काच चकचकीत राहते, पण एकटी काच फार कमी प्रकाश परतवते. समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के तिच्या एका पृष्ठभागावरून मागे येतो. म्हणून तिला पाठीशी धातू हवा. मध्ययुगीन युरोपात फुगवलेल्या काचेच्या गोळ्यात आतून वितळलेले शिसे फिरवत आणि गोळा कापून छोटे फुगीर आरसे करत. यान व्हान आइकने 1434 मध्ये रंगवलेल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात, मागच्या भिंतीवर असाच फुगीर आरसा आहे. सपाट काचेवर मात्र तापलेले शिसे ओतले की काच तडकण्याची भीती असे. थंडपणी चिकटेल असा धातू हवा होता आणि तो पाऱ्याने मिळवून दिला.

मुरानोवर काचेच्या भट्ट्या 1291 पासून एकवटल्या होत्या. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या शासनाने त्या शहराबाहेर हलवल्या. पंधराव्या शतकाच्या मध्याला तिथे स्फटिकासारखी नितळ काच बनू लागली. 1507 मध्ये दाल गाल्लो घराण्यातल्या दोघा भावांनी या काचेचे आरसे करण्याचा खास हक्क शासनाकडे मागितला, आणि 1569 मध्ये आरसेकारांचा स्वतंत्र संघ उभा राहिला.

पाऱ्याच्या आरशाची कृती ऐकायला सोपी आहे. गुळगुळीत मेजावर कथिलाचा वर्ख पसरायचा. एकही सुरकुती राहू द्यायची नाही. त्यावर थोडा पारा चोळायचा आणि मग वर्ख बुडेल इतका ओतायचा. कडेकडेने काच सरकवत आणायची, म्हणजे हवा अडकत नाही. वर वजने ठेवायची आणि मेज हळूहळू कलते करत जादा पारा निथळू द्यायचा. मोठा आरसा असा आठवडेच्या आठवडे निथळत राही. पारा साध्या हवेतही वाफ होऊन उडतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. कारागीर ती दिवसभर हुंगत राहत.

अर्धे कसब काचेतच होते. प्रकाश काचेत शिरताना वाकतो, मागच्या धातूवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. जाडी सगळीकडे सारखी असेल तर ही दोन्ही वळणे एकमेकांना फेडतात. नसेल तर नाक फेंगडे होते. म्हणून काच दोन्ही अंगांनी घासावी लागे. कडा तिरक्या तासल्या की तिथे काच लोलकाचे काम करते आणि उन्हात सात रंग फेकते. मेणबत्ती जाड आरशाजवळ धरून तिरके पाहिले तर तिच्या ज्योतींची रांगच दिसते. पहिली फिकी ज्योत काचेच्या दर्शनी पृष्ठभागाची, दुसरी लखलखीत ज्योत धातूची, आणि पुढच्या मंदावत जाणाऱ्या ज्योती काचेच्या आत पुन्हापुन्हा उसळलेल्या प्रकाशाच्या.

या विद्येवर व्हेनिसचा सक्त पहारा होता. कारागिराने परदेशी जाऊन धंदा मांडणे हा गुन्हा होता. फ्रान्सचा पैसा आरशांपायी व्हेनिसला वाहतो आहे, हे चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला खुपत होते. त्याने व्हेनिसमधल्या फ्रेंच राजदूताला कामाला लावले आणि 1665 मध्ये मुरानोचे काही कारागीर गुपचूप पॅरिसला आणले. त्यांना भरघोस पगार दिला, पण फ्रेंच उमेदवारांना विद्या शिकवायला ते काही तयार होईनात. व्हेनिसने आधी त्यांना चुचकारले, मग धमकावले. 1667 च्या सुरुवातीला दोन कारागीर एकापाठोपाठ मरण पावले, तेव्हा विषप्रयोगाचा संशय पसरला. उरलेले त्याच वर्षी घरी परतले, पण तोवर फ्रेंचांनी पुरेसे शिकून घेतले होते.

त्याचा पुरावा व्हर्सायच्या राजवाड्यात उभा आहे. 1684 मध्ये पूर्ण झालेल्या तिथल्या आरसेमहालात सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीत एकवीस आरसे, म्हणजे एकूण 357. फुंकून बनवलेल्या काचेच्या आकाराला मर्यादा असते, म्हणूनच इतके तुकडे जोडावे लागले. काही वर्षांतच फ्रान्समध्ये वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतून रुळाने पसरवण्याची रीत आली. तिचा कारखाना सॅं-गोबॅं गावी 1690 च्या दशकात बसला आणि माणसाच्या उंचीचा अखंड आरसा शक्य झाला. मेजे मोठी झाली, तसा पाराही जास्त लागू लागला.

एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातले फ्युर्ट शहर या धंद्याचे मोठे केंद्र बनले. जवळच एर्लांगेनला आडोल्फ कुसमाउल हा डॉक्टर शिकवत होता. त्याने तिथल्या आरसे-कामगारांना तपासले आणि 1861 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ काढला. हिरड्या सुजणे, लाळ गळणे, दात हलणे, हात इतके कापणे की घास तोंडापर्यंत नीट जाऊ नये. याच्या जोडीला एक विलक्षण बुजरेपणा येतो. कोणी नुसते बघत उभे राहिले तरी माणूस गोंधळतो, चिडतो.

खरे तर सुटकेची वाट तोवर सापडलेली होती. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 1832 मध्ये ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढले, त्यानंतर तीनच वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिश याने चांदीच्या क्षाराच्या अमोनियायुक्त द्रावणात अल्डिहाइड घालून ते तापवले. भांड्याच्या आतल्या बाजूला चांदीचा चकचकीत थर बसला. 1850 च्या दशकात त्याने ही रीत सुधारली आणि पाऱ्याला रजा देण्याची खटपट केली. फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑं फूकोने तर त्याच दशकात काचेवर चांदी चढवून दुर्बिणीचे आरसे केले. धंदा मात्र हलेना. पाऱ्याचा आरसा स्वस्त पडे, आणि चांदी निळा प्रकाश किंचित कमी परतवत असल्याने चेहरा पिवळट दिसतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार असे. पाऱ्याच्या थंड निळसर झाकेला लोकांचे डोळे सरावले होते. ही आवड आणखी एका पिढीच्या हिरड्यांवर आणि हातांवर बेतली, हे या इतिहासातले सर्वांत क्लेशदायक पान आहे. 1880 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत कारखान्यांवर कडक नियम आले. नियम पाळून पाऱ्याचा आरसा परवडेना, आणि मगच चांदी जिंकली. विसाव्या शतकात निर्वात पोकळीत ॲल्युमिनिअमचा थर चढवण्याची रीत तिच्या जोडीला आली.

जुने आरसे मात्र अजून आहेत. व्हर्सायमधले बरेच आरसे पाऱ्याचेच आहेत, आणि जुन्या बाजारांतही असे आरसे फिरतात. कथिल आणि पाऱ्याचा थर कधीच पुरता घट्ट होत नाही. सुटा पारा शतकानुशतके खाली झिरपत चौकटीच्या तळाशी थेंबाथेंबाने साचतो, आणि काचेवर राखाडी ठिपके उमटतात. म्हणून संग्रहालयांतले जतनकार असा आरसा उभाच हलवतात, त्याची पाठ खरवडत नाहीत आणि खाली पडलेल्या थेंबांवर झाडू फिरवत नाहीत. झाडूने थेंब फुटतात, त्यांचे बारीक कण होतात आणि वाफ अधिक उठते.