रूळ दिंडोरीला नाहीत

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, २ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री, फिलियस फॉग नावाचा इंग्रज ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची वीस हजार पौंडांची पैज लावून लंडनहून निघाला. हा फॉग ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला, पण त्याच्या हातातलं गाड्यांचं आणि बोटींचं वेळापत्रक मात्र खऱ्यासारखं. टीव्हीवर रेल्वेप्रेमींची स्पर्धा घ्यायचं मराठीत कुणाच्या मनात आलंच, तर पहिला भाग कोणत्या तारखेला दाखवायचा हा प्रश्न सुटलेला आहे.

स्पर्धेचा मार्गही फॉगनेच आखून ठेवलाय. मुंबईहून रात्री आठला सुटलेली त्याची गाडी कल्याण ओलांडून, घाट चढून खानदेशात जाते आणि दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूर गाठते. वाटेत एका वाक्यात व्हर्नने मालेगावचं स्टेशन मागे टाकलंय. नाशिक जिल्ह्यातला वाचक इथे अडखळतो, कारण मालेगावला रेल्वे तेव्हा नव्हती आणि आजही नाही. व्हर्नने नकाशा आपल्या टेबलावर पसरला असणार आणि गावाचं नाव भरघोस वाटलं म्हणून तिथे स्टेशन देऊन टाकलं असणार.

पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात. वर्तमानपत्रं सांगत होती लाइन पूर्ण झाली, प्रत्यक्षात पन्नास मैलांचा तुकडा बाकी. मग फॉग हत्ती विकत घेतो. खरं तर मुंबई–कलकत्ता मार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. पण असा तुटका रेल्वेमार्ग नाशिककरांनी त्याआधी खरोखर अनुभवला होता. १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत खालून गाडी येत होती आणि त्याच वर्षी इगतपुरीहून नाशिककडे वरची गाडी धावू लागली होती. मधला थळ घाट तेवढा बाकी होता. तो १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. तोवर चार वर्षं प्रवाशांनी खाली एक गाडी सोडायची, घाटरस्त्याने वर यायचं आणि दुसरी गाडी धरायची. हत्ती नसेल, पण गाडी चुकायची धास्ती तीच.

या घाटाची चढण आहे सदतीसला एक: सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. इंजिनाला हे एकट्याने जमत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडी थांबते, मागच्या डब्यात बसलेल्याला पाठीत हलकासा धक्का बसतो, भांड्यातलं पाणी डुचमळतं आणि जाणकार शेजाऱ्याला सांगतो, ‘बँकर लागला.’ मागून रेटणारी ही इंजिनं पंधराएक किलोमीटर ढकलत वर येतात आणि इगतपुरीला सुटतात. धक्का न बघता ओळखणारा आणि धक्का बसूनही झोपून राहणारा, असे रेल्वे प्रवाशांचे दोनच वर्ग. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–निजामुद्दीन राजधानीला दोन्ही टोकांना इंजिनं जोडली आणि तिच्यापुरता बँकरचा थांबा गेला. गाडी वेळेत पोचते याचा आनंद आहेच. पण धक्का गेला, ही हळहळही त्याच माणसांना वाटते.

इगतपुरीला आणखी एक कारण होतं रेंगाळायला. मुंबईकडची वीज १५०० व्होल्टची डीसी, भुसावळकडची एसी. दोन विजांची शीव इगतपुरीला, त्यामुळे इंजिन बदलायचं. तेवढ्या वेळात लोक उतरून वडे खायचे आणि पोरं इंजिनाच्या नाकाशी जाऊन नंबर वाचायची. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात घाटातली तारही एसी झाली, आणि तो खेळ संपला.

रुळांवरची शर्यत ही जुनी हौस आहे. १८८८ मध्ये लंडनहून एडिंबरा आणि १८९५ मध्ये लंडनहून ॲबर्डीन गाठायला पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या कंपन्या रात्री एकमेकींशी झुंजल्या. प्रवासी झोपलेले, आणि ५४० मैलांचं अंतर पश्चिमवाल्यांनी ५१२ मिनिटांत कापलेलं. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने नेली ब्लाय या बातमीदार बाईंना फॉगचा विक्रम मोडायला पाठवलं आणि त्या ७२ दिवसांत परतल्या. वाचकांनी पानावर पाहिलेला तो आजच्या भाषेत रिॲलिटी शोच.

त्याच १८८९ सालात नाशिकमध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. नाशिक रोड स्टेशनपासून गावातल्या मेन रोडपर्यंत आठ-दहा किलोमीटर, दोन डबे, ओढायला चार घोडे. सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी नंतर बार्शी लाइट रेल्वे उभारली. बार्शीची रेल्वे पुस्तकांत गेली, नाशिकची ट्राम गावाच्याही लक्षात नाही. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. त्याच सुमारास, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी निघाली. तीही मुळात शनिवार-रविवारी पुण्याच्या घोडदौडीला जाणाऱ्या शौकिनांसाठी. एकीकडे घोड्यांवर सुरू झालेली ट्राम संपत आली होती, दुसरीकडे घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांसाठी विजेची गाडी धावत होती.

आता दिंडोरी. नाशिकच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. तालुक्यात द्राक्षबागा आहेत, करंजवण, वाघाड, पालखेड अशी धरणं आहेत. जानोरीच्या शिवाराशी तर विमानतळही आलाय. रूळ मात्र नाही. गाडी पकडायची तर आधी एसटीने नाशिक, मग नाशिक रोड. म्हणजे गाडीच्या वेळेआधी दोन वाहनांचा आणि एका अंदाजाचा हिशेब. कुठली एसटी चुकली तर कुठली गाडी जाईल आणि तिच्यामागून कुठली येईल, हे गणित इथल्या माणसाला तोंडपाठ असावं लागतं. स्टेशनाशेजारी राहणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही. रेल्वेचं वेड रूळ दूर असलेल्यांना जास्त लागतं, असा या लेखाचा उघड पक्षपात आहे.

गंमत अशी की दिंडोरी या नावात रेल्वे भरपूर आहे. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ पासून जो दिंडोरी लोकसभा मतदारसंघ आहे, त्यात निफाड, येवला, चांदवड, कळवण आणि नांदगावही येतात. म्हणजे कांद्याचं लासलगाव त्यात आलं, नगरसूल आलं आणि मनमाड जंक्शनही आलं. १८७८ मध्ये दौंडकडची लाइन मनमाडला मिळाली; पुढे निजामाच्या मुलखातून मीटर गेज आली, तिचं ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं. तोवर इकडच्या गाडीतला माल तिकडच्या डब्यात हमालांच्या पाठीवरूनच जायचा. संसदेत दिंडोरीचा खासदार मनमाडच्या थांब्यांबद्दल बोलू शकतो. दिंडोरीचा मतदार तो थांबा गाठायला एसटीत बसतो.

मनमाडहून मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये रेल्वेप्रेमाचा वेगळाच नमुना घडला. रोज नाशिकहून मुंबईला नोकरीला जाऊन रात्री परतणारे पासधारक ‘रेल परिषद’ या संघटनेत एकत्र आले आणि त्यांनी सी-३ हा डबा ‘आदर्श कोच’ केला. पत्ते कुटायचे नाहीत, मोबाइल गुपचूप ठेवायचा, कचरा करायचा नाही. लिम्का बुकने त्याची नोंद घेतली. नाशिक रोड ते मुंबई १८७ किलोमीटर, तेवढंच परत, आठवड्यातले पाच-सहा दिवस. इंजिनांचे वर्ग आणि डब्यांचे रंग टिपणाऱ्यांची इंडियन रेल्वेज फॅन क्लब ही मंडळी १९८९ पासून आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे. पण स्पर्धेत सी-३ मधला एखादा निवृत्त कारकून समोर आला, तर त्यांनीही जपून राहावं.

टीव्हीवर हे जमतं का? जपानच्या ‘टीव्ही चॅम्पियन’ने रेल्वेवेड्यांना राजेपदासाठी भिडवलं. बीबीसीने २०१६ मध्ये गाड्या टिपणाऱ्यांचा थेट कार्यक्रम केला. आपल्याकडे १९८६ मध्ये श्याम बेनेगलांनी ‘यात्रा’ मालिका कन्याकुमारीहून जम्मूला जाणाऱ्या हिमसागर एक्स्प्रेसवर उभी केली, म्हणजे डब्यात कॅमेरा मावतो हे सिद्ध आहे. स्पर्धकांचे फोन काढून घ्यावेत, हातात छापील वेळापत्रक द्यावं आणि दिंडोरीच्या एसटी स्टँडवर सोडावं. डोळे बांधून कसाऱ्यात बसवावं आणि बँकर कधी लागला, कधी सुटला ते विचारावं. शेवटचा टप्पा मनमाड ते मालेगाव.

तो आज बसनेच करावा लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८ हजार ३६ कोटी, आणि तो मार्ग मालेगाववरून जातो. तीस नवी स्टेशनं होणार आहेत. त्यांतलं एक व्हर्नने आधीच छापून टाकलेलं आहे.