पेन्सिलीची फुली



गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता पन्नाशी ओलांडलेला, वस्तीतला सर्पमित्र. कुणाच्या कूलरमागे साप निघाला की फोन ह्यालाच. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. प्लास्टिकच्या डब्यात ओलसर कोकोपीट, त्यात नऊ पांढरी लांबट अंडी आणि प्रत्येकावर पेन्सिलीची बारीक फुली.

जुन्या भिंतीचा पाया खोदताना धामणीची अंडी उघडी पडली होती. वनविभागाला कळवून, त्यांच्या सांगण्यावरून त्याने ती सांभाळायला घेतली. साप बरेच पकडले, पण अंडी उबवण्याची पहिलीच वेळ.

"ही फुली कशाला रे?"

"सर, कोंबडीची अंडी फिरवावी लागतात, ही फिरवायची नाहीत. सापडताना जी बाजू वर होती तीच वर राहिली पाहिजे."

आतला गर्भ लवकरच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडं उलटं झालं तर तो दगावू शकतो. कवचही कोंबडीसारखं टणक नसतं, चामड्यासारखं असतं. कोरडं पडलं की पोचे येतात, फार ओल झाली की बुरशी. उष्णता २८ ते ३० अंश. परदेशात त्यासाठी उबवणी यंत्र लागतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यामुळे ह्याला काळजी उबेची नाही, गारव्याची! आतल्या अंधाऱ्या खोलीत, रांजणाजवळ डबा ठेवून तो दिवसातून चार वेळा थर्मामीटर बघायचा.

धामण अंडी घालून निघून जाते. अजगराची मादी मात्र वेटोळं घालून बसते. त्यावरून युरोपात मोठा वाद झाला होता. हिंदुस्थानात फिरून गेलेल्या लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १८३२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं, की अजगरीण स्वतःच्या अंगाच्या उबेने अंडी उबवते. विद्वानांनी ते मानलं नाही. थंड रक्ताच्या प्राण्याला ऊब कुठली? पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगरिणीने १५ अंडी घातली. व्हालांसियेन ह्या प्राणिशास्त्रज्ञाने वेटोळ्यात थर्मामीटर धरला, तर आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊब. ५६ दिवसांनी आठ पिल्लं बाहेर आली. ही ऊब येते कशी, ते १९६६ मध्ये न्यूयॉर्कला मोजलं गेलं. मादी स्नायू आखडून आचके देते. हवा जितकी गार तितके आचके जास्त, जसे आपण थंडीत कुडकुडतो!

म्हणजे हे कळायला कुणीतरी काठी न उचलता नुसतं बघत बसावं लागलं. आपल्याकडेही अशी माणसं झाली. हाफकिन संस्थेतल्या डॉ. पी. जे. देवरसांचं भारतातल्या सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढलं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका खोलीत राहिले, आणि १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आज देशी साप पाळायला परवानगी नाही. अंडी उबवायची ती पिल्लं सोडून देण्यासाठीच.

आता मूळ गोष्ट सांगतो. १९७९ च्या श्रावणात शाळेच्या आवारात एक धामण निघाली होती. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. तरी पोरं ओरडली आणि मी शिपायाला काठी आणायला सांगितलं. तिचं पोट फुटलं तेव्हा आत अंडी होती. त्याच आठवड्यात मी वर्गात नागपंचमीची कहाणी रंगवून सांगितली. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्लं मरतात, तीच. सांगताना जीभ अडखळली नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

हा पोट्टा तेव्हा सहावीत होता. मी विचारलं, "तुला ती धामण आठवते का रे?"

"आठवते, सर." एवढंच म्हणाला आणि मोबाईल खिशात ठेवला.

जुलैत त्याचा फोन आला, "सर, या." मी रिक्षा करून गेलो. काही अंड्यांवर बारीक चिरा पडल्या होत्या. पिल्लाच्या तोंडाच्या टोकाला तात्पुरता दात असतो, त्याने ते कवच कापतं. नंतर तासन्‌तास नुसतं डोकं बाहेर काढून बसतं. मदत करावीशी वाटते. पण करायची नाही. आम्ही दोघं चहा पीत बघत बसलो. नवापैकी सात निघाली. वनविभागाच्या लोकांसमोर, भिंतीपासून जवळच्याच झुडपांत ती सोडली. क्षणात दिसेनाशी झाली.

त्या नागपंचमीला सूनबाईने पाटावर नाग काढले. नातीने कहाणी सांगा म्हणून हट्ट धरला. मी आधी १९७९ ची सांगितली, मग शेतकऱ्याची.